सुनेच्या पिंपातला मासा

बिवा सरोवराकाठून

प्रिय त्सुयाताई,

"ओसाकाच्या पोरीला मासा मुरवता यायचा नाही. आईची चव गेली, आता पिंप मोडून टाक," असं तू म्हणालीस. यंदा बिघडलं तर मोडतो, असा मीही शब्द दिला. सुनेनं, नागिसानं, उन्हाळ्यातच भातात मासे दाबून वर धोंडे ठेवले होते. आज झाकण उघडलं. पलीकडे सरोवर निवांत पसरलेलं, शाळेतल्या कविता ओठांवर आल्या.

वास येऊन दारात थांबलेली एक प्रवासी बाई नाक दाबून म्हणाली, "अगंबाई, सडलंय की!"

"नवी नवरी होते तेव्हा मीही हेच म्हटलं होतं. खा तर आधी!" नागिसा हसली.

मीही खाल्लं. ताई, चव आईची नाही. जास्त आंबट आहे, धीट आहे. मी आणखी एक काप मागितला.

तुला नुसता डबा पाठवतोय, हे पत्र मात्र पाठवणार नाही. मला काय वाटलं ते ठाऊक नसताना तू काय म्हणतेस, तेच मला ऐकायचंय.

तुझा धाकटा,
सेइकिची