शिवा नेमकं काय ओढतो

कोल्हापूर,
श्रावणातला सोमवार

न्हाय रे तम्मा, पोरगं काय ओढत न्हाय. बिडी न्हाय, सिगरेट न्हाय, आणि तू पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिवलंयस त्या गांजाचं तर नावच काढू नगो. मी सोता त्याचं तोंड हुंगून बघितलं. कांदाभज्याचा वास आला. भजी खाल्ली म्हणून रागवायचं असंल तर रागव, माझी ना न्हाय.

तर धाकट्या भावास, चिरंजीव बाळाप्पास, बसाक्काचा आशीर्वाद आणि शरणु शरणार्थी. (हे आधी लिवायचं असतंय ते म्हायती हाय मला. पण तुझा जीव टांगणीला लागलेला, म्हणून उत्तर आधी आणि रामराम मागनं.) तुझा गुडघा काय म्हणतोय? शांतव्वाचा खोकला गेला का अजून तुझ्या बोलण्यावर खोकून उत्तर देती? माझं बरं हाय. कंबर सकाळी बोलती आणि दुपारी गप बसती. तुझं दाजी गेल्यापासनं मला कुणीतरी बोलणारं पायजेच होतं, म्हणून कंबरेवर मी रागवत न्हाय. चंद्री म्हैस गेल्या दिवाळीत व्याली, ते लिवायचं ऱ्हायलंतं. रेडी झाली. डोळं अगदी तुझ्यावानी, झोपल्यालं.

आता ह्यो ओढायचा घोटाळा कसा झाला ते सांगते. बँकेचा कागद आला इंग्रजीत. शिवानं हास्टेल सोडताना पत्ता दिलता नेसरीचा, म्हणून कागद गेला तुझ्या दुकानात आणि महिनोन्महिने वह्यांखाली पडून ऱ्हायला. आणि आता सापडल्यावर तू न्हेलास कुणाकडं, तर पिराजी मास्तराकडं. मास्तरानं एकेक शब्द चिमटीत धरून मराठी केलं, की आपल्या मुलाने मर्यादेपेक्षा जास्त ओढले आहे. मास्तराचं बी फार चुकलं न्हाय, इंग्रजीत खात्यावरनं पैसं काढण्याला ओढणंच म्हणत्यात म्हणं. पण तू पुढचं ऐकायला थांबलास का? तसाच उठलास आणि शांतव्वाला सांगिटलंस, पोरगं वाया गेलं. ती बिचारी सोमवार धरून बसली. (धरू दे. उपासानं खोकला बरा झाला तर झाला.)

खरं काय झालंय ते ऐक. तुझा ल्योक अर्थशास्त्रात एम्मे झाला. ह्या शिक्षणात पैसा कुठनं येतो आणि कुठं जातो ते शिकिवत्यात. कुठनं येतो तो धडा त्यानं बुडिवला आसावा. बँका सरकारच्या झाल्यापासनं तिथली साहेब माणसं पोरास्नी बोलवून बोलवून खाती काढून देत्यात. शिवाला म्हटलं, तुमचं पैसं संपलं तरी थोडं वर काढता येईल, त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणायचं. ह्यानं काढलं. एक बेलबॉटमची जोडी झाली, एक ट्रान्झिस्टर आला, आणि पास झाला तवा सगळ्या हास्टेलाला मिसळ चारली. मिसळ तिखट नव्हती म्हणून दुसऱ्या हाटेलात न्हेऊन परत चारली. मग ट्रंक आणि हास्टेलावर आलेला बँकेचा तसलाच पहिला कागद घेऊन माझ्या दारात हजर. शिकायला आला तवाच म्हटलं होतं मी, माझ्याकडं ऱ्हा. तवा ह्याला शेणाचा वास यायचा. आता ऱ्हायतोय बघ, त्याच शेणात, राजावानी.

मला ओव्हरड्राफ्ट कळंना. मी त्याला इचारलं तर म्हणाला, आत्ती, ओव्हर म्हंजे वर. ड्राफ्ट म्हंजे काय ते त्याला बी धड सांगता येईना. पण वर म्हटल्यावर मला सगळं उमजलं. गंगावेशीत कट्ट्यावर मी रोज सांजच्याला म्हैस पिळते. माप भरलं की गिऱ्हाईक म्हणतंय, आक्का, फेस हाय, वर घाला की. आपण वर घालतो. आजवर कुणाच्या दारात जाऊन ते वरचं दूध परत मागिटलंय का मी? न्हाय. मग बँकेला काय धाड भरली? आपणच वर घालायचं आणि आपणच कागद धाडायचं! मी नऊवारी आवळली, शिवाला म्हटलं चल, आणि गेलते बँकेत भांडायला. शिवा माझ्या मागं चार पावलं. बेलबॉटमनं सगळा रस्ता झाडत.

तिथं वसुलीला एक साहेब, नाव दिलदार मुजावर. मी म्हटलं, काय पावणं, नाव दिलदार आणि पोराच्या मागं लागून चारशे रुपयं परत मागताय? आख्खी बँक हसली. त्यो बी हसला आणि म्हणाला, आक्का, नाव आईनं ठेवलं, नोकरी सरकारनं दिली, दोघांचं बी ऐकावं लागतंय. मला माणूस बरा वाटला. पण भांडायला गेलेल्या बाईनं लगीच बरं वाटून घ्यायचं नसतंय, म्हणून मी ते वरच्या दुधाचं सगळं मोठ्यानं सांगिटलं. रांगेतली माणसं माझ्या बाजूनं झाली. एक म्हातारा तर म्हणाला, बाईचं खरं हाय.

दिलदारनं सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच इचारलं, आक्का, तुम्ही म्हैस पिळताना रेडकाला एक सड सोडता का न्हाय? म्हटलं, सोडते की, न सोडून कसं चालंल? म्हणाला, तुमच्या पोरानं त्यो सड बी पिळला.

तम्मा, मी खालीच बसले. शिवाकडं असं बघितलं की त्यो खिडकीतनं भाईर बघाय लागला. दुसऱ्यानं ठेवल्यालं, रेडकाच्या तोंडचं! आणि त्याची मिसळ! मी रांगेतल्या म्हाताऱ्याला म्हटलं, बाबा, बाईचं खरं न्हाय, तुम्ही तुमचं काम करा.

मग आमचं जमलं. बँकेत दिवसभर चहा चालतो आणि त्येंचा दूधवाला आसा, की दुधात पाणी घालतोय का पाण्यात दूध ते त्याचं त्यालाच ठावं न्हाय. ठरलं आसं, की चहाला दूध माझं, आणि महिन्याचं बिल शिवाच्या खात्यावर जमा करायचं. माझी अट एकच होती. धार शिवानं काढायची आणि किटली त्यानंच न्यायची. फेडायचं त्यानं, मी न्हाय.

पहिल्या दिवशी बेलबॉटम घालूनच बसला म्हशीखाली. चंद्रीनं मान वळवून त्या फाकलेल्या टोकाचा घास घेतला आणि डोळं मिटून चघळत बसली. वढून काढलं तर झालर निघाली. आता तुझा एम्मे ल्योक माझ्या हाफिजा शेजारणीच्या नवऱ्याची जुनी लुंगी नेसून धार काढतो. तवा बी चंद्री पान्हा सोडंना. एकदा ह्यानं कंटाळून ट्रान्झिस्टर लावला, आणि भजन सुरू झाल्यावर म्हशीनं अशी धार सोडली की चरवी पुरंना. बातम्या लागल्या की आटती. म्हंजे त्या ट्रान्झिस्टरचं पैसं वाया गेलं म्हणू नगो. बेलबॉटमचं गेलं.

लई गंमत येती बघ. पहाटं उठतोय, गोठा झाडतोय, मला चहा आणून देतोय. (चहात साखर जास्त. अर्थशास्त्र!) बँकेत किटली घेऊन गेला की दिलदार सगळ्यास्नी सांगतोय, उठा, मालक आले. संध्याकाळी गल्लीतल्या पोरास्नी गणितं शिकिवतोय. फी दोन-तीन जणच देत्यात, बाकीची नुस्ती रेडीला खाजवून जात्यात. जेवताना त्यो मला जगाचा पैसा कसा फिरतो ते सांगतो आणि मी त्याला भाकरी कशी फिरवायची ते सांगते. तीन भाकऱ्या खातो. मी बी हल्ली दोन खाते.

तू लिवलंयस की बँकेचं काय देणं असंल ते फिटलं की दुसऱ्या दिवशी त्याला एसटीत बसवून लाव, दुकानात गल्ल्यावर बसू दे, आता ढकलायचं न्हाय. आणि फिटत नसंल तर शांतव्वाच्या पाटल्या मोडतो. तर किती ऱ्हायलंय म्हणून इचारशील, तर थोडं हाय अजून. बँकेचं काम. सावकाशीनंच व्हतंय.

शिवा किटली घेऊन यायची येळ झाली, तवा आवरते. गुडघ्याला एरंडेल लाव. दुकानात मापात मारू नगो, आपल्या घराण्यात एक पिळून काढणारा झाला तेवढा बास.

तुझी थोरली भण
बसाक्का

ता.क. शांतव्वाच्या पाटल्याला हात लावलास तर मी नेसरीला येईन, आणि म्हैस घेऊन येईन.

ता.क. चंदगडकडनं कुणी येणार असंल तर काजू धाड. मला न्हाय, दिलदारला. त्याला गप बसायला सांगिटलंय.

ता.क. कशाबद्दल गप, ते लिवणार नव्हते. पण जागा उरली हाय. बँकेचं थोडं हाय म्हटलं ते खोटं. ते गुढीपाडव्यालाच फिटलं. तवापासनं शिवाच्या खात्यावर शिवाचंच पैसं साठतंय, आणि त्याला वाटतंय अजून फेडतोय. फिटलं म्हटलं की तू एसटीत घालणार. आणि तुझा तरी काय दोष, त्याला जायचं हाय का ऱ्हायचं हाय, ते मी बी त्याला इचारलं न्हाय. एवढं बँकेत जाऊन भांडले, पण हे इचारायचं भ्या वाटतंय.