धूर कमी आहे

४ जानेवारी, रविवार

संकल्प. यंदा एकच काम, पण पक्कं. साडूची बोलती बंद करायची.

साडू भूलतज्ज्ञ. दिवसभर पेशंटना झोपवतो आणि महिनाअखेरीस आमच्या व्हिस्की मंडळात भाषण करून आम्हाला. या वेळच्या बैठकीत विषय माझा आहे. समुद्रकाठची एकच डिस्टिलरी, तिच्या पाच वेगवेगळ्या बाटल्या, शेजारी शेजारी ठेवून तुलना. सगळ्या धुरकट, खारट, पीटवाल्या, म्हणजे दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर धान्य सुकवलेल्या. साडू म्हणाला, झेपेल ना? हसत म्हणाला.

झेपेल. ऑफिसात मला कुणी विचारत नाही. विम्याचे दावे तपासायला नाक लागत नाही. पण मंडळात नवी बाटली फुटली की पहिला ग्लास माझ्याकडे येतो. सगळे गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघतात. एवढी एक गोष्ट देवाने मला दिली आहे.

डिसेंबरातला ताप गेला. सर्दी रेंगाळते आहे. किरकोळ.

१० जानेवारी, शनिवार

पहिली बाटली. दहा वर्षांची, नेहमीची. घोर निराशा.

पूर्वी बूच काढलं की खोलीभर वास व्हायचा. ओली माती पेटवल्यासारखा, त्यात टिंक्चर आयोडिन. आज काही नाही. ग्लासात नाक खुपसलं, अक्षरशः, ओलं होईपर्यंत. काही नाही. जिभेला गोड, मग जळजळ. कंपनीने दर्जा घालवला. खप वाढला की हेच होतं.

नोंद: धूर कमी आहे.

११ जानेवारी, रविवार

दुसरी, सोळा वर्षांची. धूर कमी. तिसरी, शेरी वाइनच्या पिंपात मुरवलेली. धूर नाही, शेरीही नाही. दुकानदाराला फोन करून झापलं. तो म्हणाला, साहेब, तुमच्या साडूंनी कालच तीच नेली, ते तर जाम खूश आहेत. साडूला काय कळतंय.

दुसरा संशय आईवर. म्हणजे तिच्या बामवर. आतल्या खोलीत पाय चोळून घेते आणि त्या वासाने माझ्या टेस्टिंगची वाट लागते. बायकोला स्पष्ट सांगितलं. बायको म्हणाली, बाम संपून आठवडा झाला, तुम्हीच आणणार होता.

विषय बदलला.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी बायको ओरडली. गॅससमोर बसून पेपर वाचता आणि दूध करपलेलं कळत नाही? मी म्हटलं, विचारात होतो. माणूस विचारात असू शकतो, हे या घरात कुणाला पटत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. सहज. घरी बोललो नाही.

डॉक्टर तरुण, टाय वाकडा. मला डोळे मिटायला लावून छोट्या छोट्या बाटल्या नाकाशी धरल्या. मी म्हटलं, कॉफी. साबण निघाला. म्हटलं, लवंग. ती कॉफी होती. शेवटच्या बाटलीला मी मुद्दाम वेळ घेतला आणि म्हटलं, फार सूक्ष्म आहे, फुलाच्या जवळ जाणारं काहीतरी. ती रिकामी होती. वैद्यकशास्त्रात असली फसवाफसवी चालते हे मला नवीन.

म्हणाला, तापानंतर कधी कधी वास जातो. परत येईल किंवा येणारही नाही. गॅस सुटला, काही जळलं तर तुम्हाला कळणार नाही, तेव्हा घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आजच सांगा.

घरात सांगायचं म्हणजे बायकोला. बायको म्हणजे तिची बहीण. बहीण म्हणजे साडू. साडू म्हणजे अख्खं मंडळ. छे.

नाक दमलंय, बस. त्याला विश्रांती द्यायची. पाचही बाटल्या झाल्या की लगेच.

२५ जानेवारी, रविवार, दुपार

रंगीत तालीम. बायको बहिणीकडे गेली आहे. आईला जेवायला वाढलं, पलंगावर नेऊन टेकवलं, पायाला शेकायची विजेची पिशवी लावून दिली. नवा बाम आणून दिलाय, म्हणून दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत टॉवेल कोंबला. टेस्टिंगला शुद्ध हवा हवी.

पाच ग्लास ओळीत. प्रत्येकात चमचाभर.

एक: धूर कमी. दोन: धूर कमी. तीन: गोड. चार, ही कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली: घसा सोलला. धूर असावा. 'असावा' म्हटलं तर साडू पकडेल. त्यापेक्षा 'दूरच्या किनाऱ्यावर विझत आलेली शेकोटी' म्हणू. छान वाटतं.

आईने हाक मारली. तिला घडीघडीला उशी सरकवून हवी असते. एवढी नोंद करून जातो.

पाच, एकाच पिंपातली, मोजक्या बाटल्यांची. शेकोटी वापरून झाली. इथे 'जहाजाचे दोरखंड' म्हणता येईल. पुन्हा हाक. खोकतेही आहे. हवाच तशी आहे.

आता दार कोण बडवतंय? रविवारी दुपारी लोकांना काही

२७ जानेवारी, मंगळवार

आई हॉस्पिटलात आहे. नीट लिहितो.

दार बडवणारी वरच्या मजल्यावरची शेजारीण होती. जिन्यात जळका वास आला म्हणून धावत खाली आलेली. मी दार उघडताच मला ढकलून आत घुसली, टॉवेल पायाने उडवला, आतलं दार उघडलं. खोली पांढरी झाली होती. पिशवीची वायर जळून गादी आतल्या आत धुमसत होती. शेजारणीने प्लग ओढला. आईला मी उचलून बाहेर आणलं. मी. हे कुणी सांगत नाही.

डाव्या पोटरीला भाजलं आहे. छातीत धूर गेला आहे. वाचतील, असं डॉक्टर म्हणाले, पण वय आहे, वेळ लागेल.

शेजारीण भेटेल त्याला सांगते, टेबलावर पाच ग्लास होते हो, पाच! चमचाभराचं कुणी बोलत नाही.

हॉस्पिटल साडूचंच. तो आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड जवळ आणलं, वास घेतला आणि मान हलवली. त्याचं नाक चालतं.

आई मास्क बाजूला करून नर्सला म्हणाली, अगं, तो पीत नाही, नुसता हुंगतो. नर्सला हसू आवरेना.

२८ जानेवारी, बुधवार

बायको रविवारपासून माझ्याशी बोलली नव्हती. आज वॉर्डाबाहेरच्या बाकावर शेजारी येऊन बसली.

"एकच विचारते. तुम्ही प्यायला होता की नव्हता?"

मी म्हटलं, चमचाभर.

"म्हणजे शुद्धीवर होता. तुम्ही शुद्धीवर होता आणि भिंतीपलीकडे आई हाका मारत होत्या. जिन्यातल्या बाईला वास आला. तुम्हाला आला नाही? की आला, आणि उठला नाहीत?"

एक वाक्य सांगायचं होतं. डॉक्टरने दिलेलंच वाक्य, जसंच्या तसं. तेवढ्यात साडू कॉफी घेऊन आला. कप तिच्या हातात देताना माझ्याकडे बघत होता, मंडळात ग्लास फिरताना बघतो तसा.

"खूप प्यायलो होतो," मी म्हटलं. "लपवून पितो. बऱ्याच दिवसांपासून."

बायकोने डोळे मिटले. पण तिचा चेहरा निवळला, हे मी पाहिलं. 'आला आणि उठला नाहीत' यापेक्षा हे तिला सोसण्यासारखं होतं. साडूने तर माझा हातच धरला. म्हणाला, अरे, आधी बोलायचंस.

शांतपणे विचार केला तर मी बरोबरच केलं. व्यसन सुटतं. लोक मदत करतात. नाक गेलेल्या माणसाला कोण काय मदत करणार? आणि नाक गेलेलं नाहीच आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

काल बैठक झाली. विषय माझा, बोलला साडू. बायकोने घरातल्या पाचही बाटल्या त्याच्याकडे सुरक्षित ठेवायला दिल्या होत्या. त्याच वापरल्या.

मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला, सहानुभूतीचा. बोलता बोलता रंगला. म्हणाला, काय माल जमवला होतास रे, काय धूर होता, हॉल भरून गेला नुसता! मग त्याच्या लक्षात आलं. सॉरी म्हणून फोन ठेवला.

८ फेब्रुवारी, रविवार

आईला घरी सोडलं. आमच्या नव्हे. माझी धाकटी बहीण तिला आपल्याकडे घेऊन गेली. मला विचारलं नाही, कळवलं फक्त.

गाडीत बसवताना आईने बाही धरून मला खाली ओढलं. "माझ्या हाका ऐकू आल्या होत्या का रे तुला?"

"प्यायलो होतो गं," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली. बाही सोडली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

व्यसनमुक्ती केंद्र. वर्गासारखी खोली, गोलात खुर्च्या, भिंतीवर सूर्योदयाचं चित्र. घरच्यांनी मागच्या रांगेत बसायचं. बायको बसली. साडूने गाडीतून सोडलं, वर आला नाही, तेवढं बरं.

पाळी आली तसा उभा राहिलो. घरून वाक्य तयार केलं होतं, त्यात 'दुर्दैवाने' वगैरे होतं. ऐन वेळी नुसतं निघालं, मी दारुडा आहे.

टाळ्या पडल्या. जोरात, बराच वेळ. मंडळात माझ्या नाकाला कधी एवढ्या पडल्या नव्हत्या.

शेजारी एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याने हळूच विचारलं, सकाळी हात थरथरतात का? मी म्हटलं, थोडे. माझेही, म्हणाला, आणि पाठीवर थोपटत राहिला. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने आपली कहाणी सविस्तर सांगायची आहे. कधी लागली, किती प्यायचो, कोणाला काय काय थापा मारल्या. पहिले दोन मुद्दे रचावे लागतील.

जिना उतरताना बायकोने माझा हात धरला. खालपर्यंत सोडला नाही. डोळे पुसत म्हणाली, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा खरं बोललात."

मी म्हटलं, हो.