राणीच्या कपाळावरचा डाग

मनमाड, ३ फेब्रुवारी २०२५

गं. भा. उज्वला हीस,

अ. उ. आ. कानाचं यंत्र लावलं की मला फक्त पंखा ऐकू येतो, म्हणून फोनऐवजी पत्र. तुझी वहिनी म्हणते, पोस्टमनची नोकरी टिकावी म्हणून हे लिहितात.

पायलच्या दहाव्यानंतर तुझ्या देव्हाऱ्यातलं राणीचं चित्र मी घेऊन आलो. काचेत ओल शिरली होती, म्हणून संग्रहालयातल्या चैतालीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, खेळातल्या पत्त्याएवढंच असलं तरी अठराव्या शतकातलं आहे. राणी कोणती ते सांगता येत नाही. पण पांढरं लुगडं, मंगळसूत्र नाही, म्हणजे विधवा. आणि आपण आईच्या वेळेपासून तिला देवी समजून फुलं वाहतोय! कपाळावरचा लाल डाग मागाहून कुणीतरी लावलेला आहे. तो त्या काढून देतील. चित्र स्वच्छ होऊन परत आलं तर तुला बरं वाटेल.

लेक गेली म्हणून घरात चूल बंद ठेवू नकोस. जेवत जा.

तुझा दादा

सातपूर, १० फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,

शि. सा. न. वि. वि. पत्र आज मिळालं. मी जेवते. शाळेच्या ऑफिसात पुन्हा जायला लागले आहे.

तो डाग काढू देऊ नका. तो पायलने लावलेला आहे.

हे गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. तेराव्याला तिने कुंकवाची डबी आणून माझ्या कपाळाला बोट लावलं. तुम्ही तिचा हात धरून ओरडलात, की आईला आता असं करायचं नाही. तुम्हाला आठवत नसेल. मीही गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिने चौकटीची काच काढून राणीला कुंकू लावलं. बोट मोठं, कपाळ लहान, त्यामुळे ते भुवईवरही गेलं. मी विचारलं, तर म्हणाली, हिला लावलं तर मामा ओरडत नाही.

तिचे कपडे आहेत, गाडीची चावी आहे, कंपनीचं ओळखपत्र आहे. पण तिचं बोट तेवढ्या एकाच जागी आहे.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर द्या.

आपली,
उज्वला

मनमाड, १४ फेब्रुवारी २०२५

चि. उज्वला,

अ. उ. आ. तुझं पत्र काल आलं. चैतालीबाईंनी काम मंगळवारीच संपवलं होतं. डाग राहिलेला नाही. मी तसाच सातपूरला निघणार होतो. वहिनी म्हणाली, आधी लिहा, तोंडाने सांगणं तुम्हाला जमायचं नाही.

मला आठवतं. तिचं मनगट माझ्या मुठीत पुरं मावलं होतं. बायका बघत होत्या म्हणून ओरडलो. पोर रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

डाग पुसायला वापरलेला कापूस चैतालीबाई कागदात बांधून, तारीख घालून ठेवतात. तशी त्यांची पद्धत आहे. तो मी मागून घेतला. सोबतच्या पुडीत आहे. तेवीस तारखेला, रविवारी, चित्र घेऊन येतो. येऊ ना?

या वेळी तुझ्या नावाआधी 'गं. भा.' घातलेलं नाही. वीस वर्षं घालत होतो.

दादा

सातपूर, १८ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,

शि. सा. न. वि. वि. पुडी काल मिळाली. कापसाचे तीन बोळे होते. सगळ्यात लहान बोळ्याला रंग जास्त होता.

आज पायलचा वाढदिवस. सकाळी तो बोळा वाटीत भिजवला. रंग अजून सुटतो. आरशासमोर उभं राहून लावलं. सवय राहिलेली नाही, त्यामुळे थोडं भुवईवर गेलं. तसंच ऑफिसला गेले. शिपाईण वत्सलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा आणून ठेवला.

एवढाच रंग होता, तो संपला. डबीतलं कुंकू मला लावायचं नाही. घरी आल्यापासून तोंड धुतलेलं नाही.

रविवारी नक्की या. तोवर कपाळावर काही राहिलं असेल, तर बघा आणि ओरडू नका. एवढा लोभ असू द्या.

तुमची,
उज्वला