अकरा नंबरचा खोका

ती. दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा मोतीबिंदू आणि अक्काचे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त पोटात दुखतं. डॉक्टरांना सापडत नाही. मला मात्र ठाऊक आहे, शेजारचा चपलावाला दुखतोय.

पेपरात वाचलंच असेल, ‘शूर दुकानदार’, वर फोटो. (पोट आत ओढून काढलेला. वीस वर्षं त्या पोटाशेजारी बसून चहा पितोय मी.) सकाळी अकराला एकजण त्याच्या दुकानात शिरला, आतल्या एका गिऱ्हाइकाच्या मानेला सुरी लावली आणि गल्ला मागितला. आमच्या शूरवीरानं परवान्याचं पिस्तूल काढून छतात बार उडवला. चोर पळाला. झाली बातमी! आता पेपरात न आलेलं ऐका. (मला कसं कळलं ते विचारू नका.) पिस्तूल तो अकरा नंबरच्या खोक्यात ठेवतो, कारण एवढा पाय इथं कुणाचाच नाही. पण तसे खोके दोन. घाईत पहिला उघडला आणि ‘हात वर!’ म्हणून चोरावर रोखला तो पांढरा कॅनव्हासचा बूट. चोरानं बुटाकडे पाहिलं, यानंही पाहिलं, ‘जरा थांब हं’ म्हणाला आणि दुसरा खोका काढला. चोर थांबलासुद्धा! असं नशीब लागतं दाजी, हिंमत नव्हे.

तेव्हापासून सगळी गल्ली छतातलं भोक पाहायला लोटतेय. माझ्या दुकानात लोक येतात ते तिथली गर्दी ओसरेपर्यंत टेकायला. आमची ही तर दोनदा जाऊन आली. म्हणते, “त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही.” आता केसाएवढा स्क्रू बसवताना माझा हात बावीस वर्षांत कापलेला नाही, त्याचं कुणाला आहे काही? जळतोय मी, सरळ सांगतो. आठ दिवस त्याच्याकडे गेलेलो नाही. तो मात्र रोज अकराला बशीनं झाकलेला पेला माझ्या काउंटरवर ठेवून जातो. मी डोळ्याचं भिंग काढत नाही, चहा निवून जातो. असंच चाललं तर एक दिवस तो आणायचा बंद होईल. मग काय करायचं, ते कळत नाही.

असो. सर्वांना नमस्कार.

तुमचा,
घड्याळजी

ता.क. – तुमच्या माळ्यावरची छऱ्याची बंदूक पाठवा. उडत नसली तरी चालेल, भिंतीवर दिसली म्हणजे झालं.

आणखी ता.क. – बंदूक राहू द्या. तुम्ही जन्मभर कचेरीत मसुदे लिहिलेत, तसा चार ओळींचा एक आभाराचा पाठवा. पेपरातलं ते गिऱ्हाईक मीच. चहाला गेलो होतो. हातात पेला, डोळ्याला भिंग, मानेला सुरी. पोलिसांखेरीज त्यानं माझं नाव कुणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. ‘होतं एक गिऱ्हाईक’ म्हणतो. (वीस वर्षांत त्याच्याकडून एक जोड घेतला नाही मी.) समोर आला की मी घड्याळात डोकं घालतो, म्हणून लिहूनच द्यावं म्हणतो. फार गोड नको, आधीच चढलाय तो.

शेवटचं – हात कापत होता त्याचा, चांगला लटलटत होता. आणि ते ‘जरा थांब हं’ त्यानं चोराला नाही, माझ्याकडे बघून म्हटलं होतं.