शेऱ्याचा रकाना

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि मी पत्र लिहायला बसले आहे ते भांडायला. तुमच्यामुळे गेले पाच महिने मी आमच्या कर्वेनगरच्या शाळेचं ‘विद्यार्थी मूल्यमापन धोरण’ लिहिते आहे. हसू नका. तुमच्या नारायण पेठेतल्या वर्गात असलं काही नव्हतं, ठाऊक आहे मला. तुमचं सगळं धोरण एका लाकडी फुटपट्टीत मावायचं, आणि तीही तुम्ही फक्त टेबलावर आपटायचात. आता दिवस बदलले. शाळेत संगणक आले, पालक हिंजवडीला जायला लागले, मार्कांना श्रेणी म्हणायला लागले, आणि धोरण नसलेल्या शाळेला लोक नावं ठेवायला लागले.

सुरुवात झाली ती तुमच्याच दोन शब्दांनी. माझ्या पाचवीच्या वर्गात नागपूरहून आलेली एक मुलगी आहे. मी फळ्यावर बेरीज चुकले तर हात वर करून, “बाई, हातचा राहिला,” म्हणते. सहामाहीला मी तिच्या प्रगतिपुस्तकात, शेऱ्याच्या रकान्यात, अगदी मनापासून लिहिलं, ‘वाईट नाही.’ दुसऱ्या दिवशी तिचे वडील दारात उभे. संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. “मॅडम, माझी पोरगी वाईट नाही म्हणजे काय? वाईट आहे असं कोण म्हणून राहिलं होतं?” मी म्हटलं, “अहो, ही स्तुती आहे.” ते म्हणाले, “ही स्तुती? मग तुम्ही शिव्या कशा देता?” मी म्हटलं, “तेव्हा आम्ही ‘वा, छान’ म्हणतो.” खरं तेच सांगितलं, तर माणूस आणखी भडकला.

मग मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, समिती नेमली. त्या, ते वडील आणि मी. वडिलांनी येताना प्रोग्राम तयार करूनच आणला. शेऱ्यासाठी बारा वाक्यांची यादी. शिक्षकानं एक निवडायचं, बटण दाबायचं, की छापून बाहेर. ‘प्रगती समाधानकारक आहे.’ ‘अधिक परिश्रम आवश्यक.’ अहो, पोरं आहेत की विजेचं बिल? पण मोठ्या बाई खूश, कारण अख्ख्या वर्गाचं काम दहा मिनिटांत. हातानं शेरा लिहायचा रकाना धोरणातून जाणार, हे जवळजवळ ठरलंच. एकेका पोराशी वर्षातून दोनदा बोलायची तेवढीच तर जागा असते! शेवटच्या बैठकीला मी कपाटातून माझं स्वतःचं पाचवीचं प्रगतिपुस्तक काढून नेलं. म्हटलं, बघू द्या यांना, एक चांगली बाई दोन शब्दांत काय सांगते ते.

सहामाहीचं पान उघडून मी ऐटीत त्या वडिलांपुढे सरकवलं. विसरले होते, बाई. देवाशप्पथ साफ विसरले होते. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “‘वाईट नाही. उलट हूशार आहे.’” मग पान उजेडाकडे धरलं. “मॅडम, हे ‘उलट’पासून पुढे शाई वेगळी दिसून राहिली. आणि ‘हुशार’मधला हु दीर्घ आहे.”

मी दहा वर्षांची आहे आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याआड बसले आहे. शेजारच्या मुलीला तिच्या बाईंनी ‘उत्तम’ दिलंय आणि मला तुम्ही ‘वाईट नाही’. वडिलांची सही व्हायची आहे. मी जीभ बाहेर काढून तुमच्यासारखं तिरकं अक्षर काढते. वडील वाचतात, सही करतात आणि आईला म्हणतात, “अगं, शिरा कर आज.” मला तो शिरा गिळवत नाही, तरी दोनदा वाढून घेते. आणि सही झालेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी तुमच्याच टेबलावर जातं. तुम्ही ते बघता, मिटता, ढिगात ठेवता.

इकडे बैठकीत माझा चेहरा गोरामोरा. “हाच तर फायदा,” त्या मुलीचे वडील म्हणाले, “छापील शेऱ्यात असं नाही करता येत.” संपलं, म्हटलं. तोंड लपवायला म्हणून मी पान उलटलं, तर वार्षिकचा तुमचा शेरा. ‘अक्षर सुधारावे. ऱ्हस्वदीर्घ पाहावे. बाकी वाईट नाही.’ हा शेरा वाचून मी त्या अख्ख्या सुट्टीत आठ वह्या शुद्धलेखन लिहिलं होतं! मला वाटलं, माझं अक्षर खराब आहे. तीस वर्षं तेच वाटत होतं. आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख कळलं, तुम्ही कुठल्या अक्षराबद्दल म्हणत होतात ते. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. “बाईंनी ओळखलं होतं,” मी म्हटलं. ते म्हणाले, “मग काही बोलल्या नाहीत?” म्हटलं, “बोलल्या की. हे काय, इथं.”

त्यांनी दोन्ही पानं पुन्हा वाचली. मग म्हणाले, “हे यादीत नाही घालता येणार.” रकाना ठेवायचा ठराव त्यांनीच मांडला. अट एकच घातली, शेरा बाहेरगावच्या माणसालाही समजला पाहिजे. म्हणून धोरणात कलम आलं, की ‘वाईट नाही’ असा शेरा कोणीही देऊ नये. बाई, ते कलम मीच लिहिलं, माझ्या हातानं. अक्षर चांगलं आलं आहे.

उद्या वार्षिक प्रगतिपुस्तकं द्यायची. त्या मुलीच्या रकान्यात मी लिहिलं, ‘हुशार आहे.’ लिहिताना तुम्ही चष्म्यावरून बघताय असं वाटलं. हे पत्र कुठे पाठवणार म्हणा! माझ्या त्या जुन्या पुस्तकात ठेवून देईन. शेरा मी खोटा केला, चुकलं माझं. आठ वह्या भरल्या, पण हे एवढं वाक्य तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही. आणि आता माझं भांडण. ‘हुशार आहे’ एवढं तुम्ही एकदा तरी लिहायला हवं होतंत, बाई. ऱ्हस्व हु काढून.