सोंगाची बिदागी

३ फेब्रुवारी १९७२, गुरुवार

आज मला अटक झाली. गुन्हा — बिनपरवान्याचं मांजर पाळणं!

दारात इन्स्पेक्टर उभा. खाकी कोट, पितळी बटणं, कोपराला ठिगळ, काळा चष्मा, शेळीच्या केसांच्या मिशा. ‘वॉरंट हाय, बाई! तुमच्या मांजरानं कलेक्टरच्या दुधाला तोंड लावलंय. चला ठाण्यावर!’ सगळी गल्ली गोळा. मी म्हटलं, ‘गेल्या साली तू डॉक्टर होतास. माझी नाडी गुडघ्यात शोधत होतास.’ तो हसला नाही. सोंगात असताना हसायचं नसतं. खूप आरडाओरडा झाल्यावर त्यानं टोपी काढली, सलाम ठोकला. ‘आसाराम बहुरूपी, जामखेडकडचा. सोंग उतरलं, माय. बिदागी द्या.’ तेव्हा कुठे हसला. आणि मग पायरीवर बसून खोकतच राहिला. चहा दिला, आठ आणे दिले.

चेहरा किती का रंगवेना, आवाज मला फसवत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. माणसं मी कानांनी पाहिलीत. या आसारामाचा आवाज वाक्य संपताना जरासा फाटतो, पाटीवर पेन्सिल निसटावी तसा. हजारात ओळखीन.

८ फेब्रुवारी

रेडिओवर भाषण — बहुरूपी, वासुदेव, गोंधळी, हा आपला थोर वारसा, तो जपला पाहिजे वगैरे. बोलणारा पुण्याचा. वारशाला संध्याकाळी भाकरी लागते, हे काही बोलला नाही. बंद केला.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरची रतनबाई भाजी विकते. कमाई पिठाच्या डब्यात ठेवली, नवऱ्याला सापडली. उशीत शिवली, तीही सापडली. आज विचारत होती, ‘बाई, तुमच्याकडं ठिवू का?’ मी साफ नाही म्हटलं. मी काय सावकार आहे? बँका सरकारी होऊन अडीच वर्षं झाली. पेपरात रोज फोटो, गरिबाच्या दारी बँक. इथे भिंगारात दाराशी येते ती फक्त धूळ. रतनबाईला म्हटलं, बँकेत खातं काढ. स्वतःच्या नावानं. नवऱ्याला विचारायचं कारण नाही.

पलीकडची बनुबाई लगेच, ‘आन् आमची भिशी बुडवायची व्हय?’ भिशी तीच चालवते. चिठ्ठ्या लोट्यात घालते आणि आपल्या भाचीचं नाव वर येईपर्यंत लोटा हलवत राहते. तसं मी म्हटलंही. आता आठवडाभर अबोला. सुख आहे.

१६ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून घेतली. फादर म्हणाले, उपवासाच्या काळात प्रत्येकानं आपल्याला सर्वांत प्रिय असलेली एक गोष्ट सोडावी. मटण मला परवडतच नाही. जीभ आवरायचं ठरवलं. ईस्टरपर्यंत कोणाला टाकून बोलायचं नाही.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस टिकलं.

संध्याकाळी गल्लीत एक तरुण. पांढरा शर्ट, चामडी पिशवी, बारीक मिशी. ‘नमस्कार. मी बँकेतून आलोय. भगिनींनी बचत खातं उघडावं...’ आणि वाक्याच्या शेवटी आवाज फाटला! तोच. पाटी, पेन्सिल, सगळं तेच. पंधरा दिवसांत दुसरं सोंग, आणि या वेळी गरीब बायांचे पैसे मागतोय! रतनबाई लुगड्याच्या गाठीला हात घालत होती. माझं डोकं फिरलं.

‘काय रे, परवा इन्स्पेक्टर, आज बँकवाला? मांजराला अटक करून पोट भरलं नाही? तोंडाला एवढा रंग लावून वय चोरलंस, पण आवाज कुठे ठेवशील? पोट भरण्यासाठी सोंग कर, लुबाडण्यासाठी नको!’

तो एक पाऊल मागे सरला. पांढराफटक. गल्ली हसून लोळली. बनुबाई अबोला सोडून ओरडली, ‘आरं, मिशी वढून बघा त्याची!’ कोणीतरी खरंच हात घातला. मिशी निघाली नाही. तरी कोणी थांबलं नाही. पिशवी छातीशी धरून तो निघून गेला.

टोपी काढली नाही. बिदागी मागितली नाही. तेव्हा वाटलं, चोरच तो.

१९ फेब्रुवारी

मी गल्लीची वाघीण! रतनबाईनं मेथीची जुडी दिली. ‘बाई, तुमी हुता म्हनून वाचले.’

२३ फेब्रुवारी, बुधवार

लिहायचं जिवावर आलंय.

व्याज आणायला बँकेत गेले होते. काउंटरमागे तोच. पांढरा शर्ट, तीच मिशी. रबरी शिक्के मारून बोटं जांभळी. मी तोंड फिरवणार, तोच म्हणाला, ‘बाई, टोकन घ्या.’ पितळी टोकन हातात देताना हळूच बोलला, ‘आवाज तुम्ही बरोबर ओळखलात. माझ्या वडिलांचा आहे. आसाराम माझे वडील.’

माझी जीभ! एकदाच हवी होती, तर हलली नाही.

‘कधी आले होते ते? बरे होते?’ मी म्हटलं, ‘खोकत होते. पायरीवर बसावं लागलं.’ त्यानं शिक्का मारला तो कोऱ्या टेबलावर. ‘मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनीच सांगितलं, आता माझ्या गावांत दिसू नकोस, लोक तुला माझं सोंग म्हणतील.’ मागची रांग ओरडायला लागली.

पोराचं नाव रंगनाथ. शिपाई सांगत होता, अजून कायम झालेला नाही. भिंगारातून खाती आणून दाखव, मग कायम करू, असं मॅनेजरनं सांगितलंय. आणि आता बाजारात पोरं त्याच्यामागे ओरडतात — ‘बहुरूप्याची बँक! मिशी वढा!’

मला माहीत आहे ती आरोळी कोणी शिकवली.

२५ फेब्रुवारी

गल्लीतल्या सगळ्या बायांना ओट्यावर बोलावून सांगितलं — तो खरा आहे, चूक माझी, मी स्वतः काउंटरवर पाहिला. रतनबाई माझ्याकडे दयेनं बघत राहिली. ‘बाई, तुमी लई साध्या. तुमाला बी गंडवलं त्यानं.’ बनुबाई म्हणाली, ‘बँकेतबी सोंग घिऊन बसला असंल. सरकारचं काय सांगावं!’

माझ्या रागावर त्यांचा लगेच विश्वास बसला. माझ्या कबुलीवर नाही.

१ मार्च, बुधवार

माफी मागायची म्हणून जीव मुठीत धरून बँकेत गेले. काउंटरवर दुसराच. ‘रंगनाथ? गावी गेलाय. अचानक रजा घेतली.’ मनातून सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली त्याचीही.

५ मार्च

निवडणुकीचे भोंगे दिवसभर. प्रत्येक जण गरिबी हटवणार. लढाई संपून किती दिवस झाले, माझ्या खिडक्यांना ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच आहे. काढवत नाही. थकले मी.

११ मार्च, शनिवार

आसाराम आला!

या वेळी बँकेचा साहेब होऊन. अंगात तोच खाकी कोट, गळ्यात लुगड्याच्या काठाचा टाय, कानापर्यंत ओढलेली हॅट, काळा चष्मा, मिशा हनुवटीखाली. कोट ढगळ दिसत होता. वाळलाय बिचारा. ‘पैसं ठिवा, बायांनो, पैसं ठिवा! ठिवताना मी हाय, मागताना मी जेवाय गेलोय!’ एका पोराच्या कपाळावर शिक्का मारला. माझ्या मांजराचं खातं उघडलं, त्याचा पंजा शाईत बुडवून अंगठा घेतला. त्याच्या स्वतःच्या बोटांनाही जांभळी शाई. म्हाताऱ्याचं बारकाईनं लक्ष! बनुबाई हसून हसून ठसकली. ‘आसाराम, माझ्या भिशीला मॅनेजर व्हतूस का?’ — ‘व्हतो की! पन चिठ्ठीत माझ्या भाचीचं नाव घाला!’

मग एकदम सरळ उभा राहिला. सलाम ठोकला. ‘आसाराम बहुरूपी. सोंग उतरलं. बिदागी द्या.’ मी रुपया दिला. सगळ्यांनी काही ना काही दिलं. झोळीत पडलेलं त्यानं झोळी उघडून सगळ्यांना दाखवलं.

‘बघा. सोंग केलं, हात पसरला. बहुरूपी हात पसरल्याबिगर जात न्हाई, आमच्या बापजाद्यांचा नेम हाय. त्या दिशी बँकेचं पोरगं आल्तं, त्यानं मागितली का बिदागी?’

रतनबाई म्हणाली, ‘न्हाई.’

‘टोपी काढून सलाम केला?’

‘न्हाई.’

‘मग ते सोंग नव्हतं, माय. ते खरंच हुतं.’

रतनबाई म्हणाली, सोमवारी जाते. बनुबाईसुद्धा पुटपुटली, नुसतं बघून यिऊ.

म्हाताऱ्यानं पोराची अब्रू राखली. चहाला थांब म्हटलं, थांबला नाही. हॅट तेवढी काढायची विसरला. एरवी काढतो. वय झालं. पण खोकला अजिबात नव्हता. बरं वाटलं.

१३ मार्च, सोमवार

रतनबाई पासबुक घेऊन आली. तीन वेळा उघडून दाखवलं. ‘माझं नाव हाय, बाई. नुसतं माझं.’ बनुबाईनंही अंगठा उठवला म्हणे. रंगनाथानंच खाती उघडली.

‘पन बाई, सायबाच्या डोईवर एक केस न्हाई. म्या इचारलं. बाप वारला म्हनं, पंधरा दिस झालं.’

तिला पुन्हा विचारलं. पंधरा.

परवाचा आवाज तोच होता. खोकला तेवढा नव्हता.