शंभरची की दीडशेची

१६ सप्टेंबर, मंगळवार
टेम्पो दारात आला! सतरा वर्षांचा, शाळेची पोरं वाहून वाहून दमलेला. आमचे फिटरसाहेब मेमध्ये साखर कारखान्यातून निवृत्त झाले, आता या टेम्पोचं घर करणार आहेत. आत पलंग, ओटा, फ्रिज. मग म्हणे थेट कन्याकुमारीपर्यंत फिरायचं. मोरीतला नळ चार महिने गळतोय, तो दिसत नाही. चाकांवर घर बांधायला निघाले!
मी स्पष्ट सांगितलं, या डबड्यात मी काही येणार नाही.
"बरं," म्हणाले.

२० सप्टेंबर, शनिवार
आता बॅटरीचं खूळ. इंजिनची वेगळी, घराची वेगळी. घराची कोणती घ्यायची यावर पाच दिवस खलबतं! सल्लागार कोण, तर गुंडप्पा. भालकीच्या बसस्टँडमागे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देतो आणि समजतो की जगातली सगळी वीज आपल्याच टपरीतून निघते. "अक्का, दोन जुन्या हायत माझ्याकडं. एक नवी घ्या, तिन्ही जोडून देतो. रग्गड झालं!"
बावीस वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवलं मी. जुनी बॅटरी नवीला जोडली की नवीचंही वाटोळं होतं. पण घरच्या बाईचं ऐकतो कोण?
नवी आज आणायची होती. नाही आणली. शनिवारी लोखंड घरात आणायचं नसतं म्हणे! म्हटलं, बॅटरीत शिसं असतं. "नट-बोल्ट तर लोखंडाचेच हायत की," गुंडप्पा म्हणाला. कपाळावर हात मारला.

२५ सप्टेंबर
पिंकीचा हैदराबादहून फोन. "बाबा, लिथियम घ्या. हलकी असते, जवळजवळ पूर्ण वापरता येते. साधी निम्म्याखाली गेली की लवकर मरते." हेच मी परवा सांगत होते तेव्हा हे पाना शोधत होते. लेकीनं सांगितल्यावर लगेच, "हां, हे बराबर हाय!"
आता नवा घोळ — शंभर अँपिअर-तासांची की दीडशेची.

२८ सप्टेंबर
पंख्यावरून भांडण. नेहमीचंच. मला फुल्ल लागतो. हे भर मेमध्येसुद्धा डोक्यावरून गोधडी ओढतात आणि सकाळी मान धरली म्हणून कण्हतात. चौतीस वर्षं झाली!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
गाडीची पूजा. भस्म, कुंकू, झेंडूची माळ, चारही चाकांखाली लिंबं. किल्ली फिरवली — ढिम्म! इंजिनची बॅटरीच मेलेली. लिंबं फुटल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, म्हणून गल्लीतल्या सहा बाप्यांनी गाडी ढकलली. तीन फुटली. चौथं घरंगळलं, ते गुंडप्पानं हातोडीनं फोडलं! मी पायरीवर पोट धरधरून हसले.
शेजारच्या रुद्रम्मानं विचारलं, "अक्का, तुम्ही बी जायलाव का?"
"यात? त्यापेक्षा बिदरच्या बसला लटकत जाईन!"
ह्यांनी ऐकलं असावं. काच पुसत होते. पुसलेलीच परत पुसत राहिले.

४ ऑक्टोबर
यादी सापडली! कॅलेंडरच्या पाठीमागे, फिटरसाहेबांच्या किरट्या अक्षरात, दिवसाला किती वीज लागेल त्याचा हिशोब. फ्रिज पन्नास, दिवे बारा, मोबाईल पाच, पाण्याचा पंप तीन. एकूण सत्तर अँपिअर-तास. खाली दोन रेघा मारून — "शंभरची बस्स."
आणि पंखाच नाही! बेरजेत पंखा धरायचा विसरले! आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात झोपणार आणि म्हणे शंभरची बस्स! यांना कारखान्यानं तीस वर्षं ठेवलं तरी कसं? उद्या गुंडप्पासमोरच काढते.

५ ऑक्टोबर, रविवार
काढली. यादी नाचवत म्हटलं, "पंखा कुठंय, साहेब?"
गुंडप्पा हसायला लागला. हे नाही हसले. चिडलेही नाहीत.
"विसरलो न्हाई. मला कुठं पंखा लागतोय?"
"आणि मला?"
"तू येईना म्हणलीस की."
गुंडप्पा उठून गाडीमागे गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या पेनानं काढल्या. आज कुठं तोंड लपवू असं झालं.
बेरीज बरोबर होती. एका माणसाची.

६ ऑक्टोबर
यादीत खाली लिहिलं — पंखा, तीस. तांबड्या पेनानं. मग गुंडप्पाला फोन लावला, दीडशेची सांग म्हणून.